ठेवू की देऊन टाकू? म्हातारा कुत्रा, किडनीचं दुखणं आणि घरातलं आजारपण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच दिसेल. ब्रुनो ११ वर्षांचा, वजन १८ किलो, गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, किडनी मंदावली की रक्तात वाढतो) ३.१ आलं आणि किडनी खराब झालीय असं सांगितलं गेलं. पाणी खूप पितोय, रात्री घरात लघवी करतोय. त्याच दरम्यान आई हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या अंथरुणावरच, तुम्ही नोकरी अर्धवेळ केलीत, पैशाची ओढाताण आहे, घरात सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा बोका. भाऊ म्हणतो कुणाला तरी देऊन टाक नाहीतर झोपवून टाक (म्हणजे डॉक्टरांकडून इंजेक्शनने शांत मरण दे), एवढ्या व्यापात कुत्रा कशाला. आणि तुम्ही विचारताय की ठेवू की देऊ, आणि ठेवला तर मी स्वार्थी ठरते का.

मी गेली २२ वर्षं कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करतोय आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने इतक्या वेळा समोर आलाय की आता मला त्यात एक गोष्ट लगेच दिसते. तुमच्या घरी दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. एक म्हणजे तुमची ताकद किती उरलीय, आणि दुसरा म्हणजे ब्रुनोचं आयुष्य किती उरलंय आणि कसं उरलंय. भाऊ पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर ढकलतोय, तुम्ही दुसऱ्याची भीती पहिल्यावर लादताय, म्हणून भांडण संपत नाही. तुम्ही दमलात म्हणून तो मरायला टेकलाय असं होत नाही, आणि तुमचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून त्याला त्रास होत नाही असंही नाही. दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवायचा, आणि तो डोक्यात न ठेवता कागदावर ठेवायचा, कारण तुमच्या डोक्यात सध्या आईंच्या औषधांच्या वेळा आहेत आणि तिथे अजून काही मावणार नाही.

मी ब्रुनोला बघितलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्याच्या तपासणीवर आणि तुमच्या डॉक्टरांवर अवलंबून आहेत हे आधीच सांगून टाकतो. पण ३.१ या आकड्याबद्दल बोलू. कुत्र्यांच्या किडनीच्या जुन्या आजाराच्या चार पायऱ्या धरतात, क्रिएटिनिन साधारण २.९ ते ५.० मध्ये असेल तर तिसरी आणि ५ च्या वर गेलं की चौथी. म्हणजे कागदावर ब्रुनो तिसऱ्या पायरीच्या दारात उभा आहे. पण ही पायरी एका रिपोर्टवर ठरवायचीच नसते. कुत्र्याच्या अंगात पाणी कमी असेल, आदल्या दिवशी उलट्या झाल्या असतील, कुठलं इन्फेक्शन असेल तर तोच आकडा खोटाच वर दिसतो. म्हणून त्याला नीट पाणी मिळतंय, पोट ठीक आहे अशा दिवसात, उपाशीपोटी, काही आठवड्यांनी परत तपासायचं, सोबत लघवी तपासायची (ती किती पातळ आहे आणि त्यातून प्रोटीन जातंय का) आणि ब्लडप्रेशर बघायचं. तुम्ही लिहिलंय त्यात लघवीच्या तपासणीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच हवी, कारण ती स्वस्त असते आणि सांगते खूप.

हेही लक्षात घ्या की क्रिएटिनिन वर दिसायला लागतं तोवर किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. ऐकायला भयानक वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की हा कुत्रा उरलेल्या किडनीवर बऱ्याच दिवसांपासून जगतोय, खातोय, शेपटी हलवतोय, आणि तुमच्या लक्षातही आलं नव्हतं. तिसऱ्या पायरीवरचे कुत्रे नीट सांभाळले तर महिनोनमहिने, काही त्याहून जास्त, चांगले जगलेले मी बघितलेत. काही भराभर खाली गेलेलेही बघितलेत. कोणता कसा जाणार हे पहिल्या रिपोर्टवरून मला सांगता येत नाही, दुसऱ्या तिसऱ्या रिपोर्टनंतर थोडं येतं, त्यामुळे आज "किती दिवस" विचारू नका, आज उत्तर मिळणारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की रात्रीची लघवी थांबावी म्हणून भाऊ संध्याकाळी पाण्याचं भांडं उचलून ठेवतो. हे आजच बंद करा. तो जास्त पितो म्हणून जास्त लघवी होत नाहीये, उलटं आहे, किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून पाणी निघून जातं आणि ते भरून काढायला तो पितो. पाणी काढून घेतलं तर लघवी सुरूच राहते आणि अंग कोरडं पडतं, मग उरलेली किडनीही झपाट्याने जाते. किडनीच्या कुत्र्याला पाणी चोवीस तास, दोन ठिकाणी, स्वच्छ. रात्रीच्या लघवीचं उत्तर म्हणजे झोपण्याआधी उशिरा एकदा बाहेर नेणं आणि तो झोपतो तिथे खाली वॉटरप्रूफ चादर किंवा मोठ्या माणसांच्या बेडवर घालतात तसले पॅड. तुमच्या घरात आईंसाठी ते असतीलच. त्यातलेच दोन ब्रुनोच्या नावावर.

पाण्यावरून माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्याकडे एक कुत्री होती, आणि घरात आम्ही चार माणसं. भांडं रिकामं दिसलं की जो तो येताजाता भरायचा, त्यामुळे ती दिवसभरात किती पितेय हे कुणालाच माहीत नाही. मी दिवसभर लोकांना विचारायचो "पाणी किती पितो?" आणि माझ्या घरात माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं वजन उतरल्यावर मला जाग आली, तिला डायबेटिस निघाला, आणि माझ्या हिशोबाने मी किमान दोन महिने उशीर केला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, मापाच्या भांड्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. कुत्र्याने दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी प्यायलं तर ते जास्त. ब्रुनोच्या बाबतीत म्हणजे १.८ लिटर. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे, रोज नको, तुम्हाला वेळ नाहीये. एकच, बोकाही त्याच भांड्यातून पीत असेल तर त्या दिवशी त्याला वेगळं द्या नाहीतर हिशोब फुकट.

आणि हा कागदाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फ्रिजवर एक कॅलेंडर लावा, ज्यात रोजच्या चौकोनात लिहिता येईल असं. रोज रात्री तीनच गोष्टी. जेवण पूर्ण, अर्धं की नाही. उलटी झाली का. आणि दिवस एकंदरीत बरा की वाईट, एक टिक किंवा एक फुली. आठवड्यातून एकदा वजन, तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग तुमचं वजन वजा करायचं (१८ किलो उचलणं जमत नसेल तर भावाला उचलू द्या, निदान तेवढं तरी करेल). टिक-फुलीचं काम मुलीला द्या, सात वर्षांची मुलं हे फार इमानदारीने करतात, आपल्यासारखी मनाची समजूत घालत नाहीत. हा कागद पुढे तुमच्या उपयोगी येणार आहे, का ते शेवटी सांगतो.

आता कमीत कमी किती करायचं. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं आणि झोपताना पाच, यात बसलं पाहिजे, कारण मी तासाभराचं वेळापत्रक लिहून दिलं तर तुम्ही चौथ्या दिवशी ते सोडाल आणि वर स्वतःला दोष द्याल. सकाळी बाहेर, मग खाणं आणि औषध. संध्याकाळी तेच. लांब चालणं या वयात आणि या आजारात गरजेचं नाही, हळूहळू, त्याला हुंगायचं तिथे हुंगू देत दहा मिनिटं नेलं तरी त्याचं मन भरतं, ओढत नेलेल्या अर्ध्या तासापेक्षा ते बरं. वेळा मात्र पाळा. घरात आजारपण आलं की माणसं कुजबुजतात, दारं रात्री उघडतात, अनोळखी लोक येतात, कुत्र्याचं सगळं जग हललेलं असतं, अशा वेळी खाण्याची आणि बाहेर जायची वेळ तेवढी पक्की असली तरी तो बराच सावरतो.

खाण्याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो की किडनी म्हटलं की प्रोटीन बंद. मग कुत्र्याला नुसता स्टार्च देतात, त्याचे स्नायू गळतात, आणि "आजाराने वाळला" म्हणतात. मुख्य शत्रू फॉस्फरस आहे. किडनीसाठीच्या खास आहारात फॉस्फरस कमी आणि प्रोटीन मोजकं पण चांगल्या दर्जाचं असतं, आणि या आजारात ज्या उपायाचा फायदा सगळ्यात भक्कमपणे दिसलाय तो हा आहार. तो परवडत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि घरच्या खाण्याचा मोजून आराखडा घ्या, अंदाजाने करू नका. आणि दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. नवीन खाणं उलट्यांच्या दिवसात सुरू करू नका, कुत्र्याच्या डोक्यात त्या चवीची आणि मळमळीची गाठ बसते आणि मग तो ते जन्मात खात नाही, आधी मळमळ औषधाने थांबवा आणि मग आठवडा-दहा दिवसात थोडं थोडं बदला. दुसरं, फॉस्फरस बांधणारी पावडर दिली असेल तर ती खाण्यातच मिसळायची, उपाशीपोटी दिली तर पैसे पाण्यात, कारण ती खाण्यातला फॉस्फरस पकडते. एवढं करून तो काहीच खात नसेल तर जे खाईल ते द्या, न खाल्लेल्या सर्वोत्तम आहाराचा उपयोग शून्य.

काटकसरीचं बोलू, कारण त्याची लाज वाटते म्हणून लोक ते शेवटी बोलतात आणि तोवर उशीर होतो. डॉक्टरच्या खुर्चीत बसल्या बसल्या सांगा की माझ्याकडे महिन्याला इतके आहेत, यात सगळ्यात उपयोगाचं काय. आम्हाला राग येत नाही, खरंच. उलट काय होतं की पेशंटच्या घरचे सगळ्याला हो म्हणतात, अर्ध्या टेस्ट करतात, औषध पाच दिवस घेतात आणि मग येणंच बंद करतात, त्यापेक्षा आधी कळलेलं कधीही बरं. आणि प्रत्येक टेस्टला एक प्रश्न विचारा, "याच्या उत्तरावरून तुम्ही देणार ते औषध बदलणार आहे का?" बदलणार नसेल तर ती टेस्ट पुढे ढकलता येते. सलाइन कातडीखाली घरी द्यायला शिकता येतं, डॉक्टरांना योग्य वाटलं तर ते एकदा समोर दाखवतील, दोन तीन वेळा हात थरथरतो मग सवय होते, आणि क्लिनिकच्या फेऱ्या वाचतात.

बंद काय करता येईल? शॅम्पू, ग्रूमिंग, नवी खेळणी, चघळायच्या वस्तू, सांध्यांच्या सप्लिमेंटच्या महागड्या बाटल्या, हे सगळं खुशाल बंद करा, त्याला पत्ता लागणार नाही. नखं मात्र कापा, वाढलेल्या नखांवर म्हातारा कुत्रा घसरतो. रेबीजची लस आणि गोचिडांचं औषध यात कात्री लावू नका, विशेषतः घरात अंथरुणावरचा पेशंट आणि लहान मूल असताना. आणि काही औषधं अशी असतात की ती अचानक बंद करणं हे न देण्यापेक्षाही वाईट. फिट्सची गोळी एका दिवसात बंद केली तर थांबता न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड झटक्यात बंद करायचं नसतं, हृदयाच्या कुत्र्याची पाणी काढणारी गोळी बंद केली तर फुप्फुसात पाणी भरतं. ब्रुनोला यातलं काही चालू आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असेल म्हणून सांगितलं. पैसे संपत आलेत तर पाकीट संपायच्या आधी फोन करा, नंतर नाही.

भावाने ब्रुनोला "पाय दुखतात वाटतं" म्हणून घरातली दुखण्याची गोळी दिली असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय आणि ती ओळ वाचून मी जरा हादरलो. माणसांच्या दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या, आयबुप्रोफेन त्यात पहिली, कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी कुत्र्यालाही त्या घातक, ब्रुनोसारख्याला तर फारच. आणि तुमच्या घरात बोका आहे, त्याच्यासाठी साधी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, मांजराच्या लिव्हरला ती पचवायची यंत्रणाच नीट नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी निळसर पडतात. आईंच्या उशाशी आता गोळ्यांचा डबा असणार, रात्री एखादी गोळी हातातून पडणार. झाकण घट्ट लागणारा डबा घ्या आणि पडलेली गोळी सापडेपर्यंत झोपू नका. भेटायला येणारे फुलं आणतात त्यात लिली असेल तर ती दाराबाहेरच, मांजरांची किडनी तिच्या परागांनी, अगदी फुलदाणीतल्या पाण्यानेही निकामी होते. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि शुगर फ्री गोष्टींमधलं झायलिटॉल हेही भेटवस्तूंच्या पिशव्यांमधून येतं, त्या पिशव्या जमिनीवर ठेवू नका.

बोक्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही आणि मला खरी काळजी तिथे वाटते. घरातला आजारी कुत्रा सगळ्यांना दिसतो, बोका पलंगाखाली जाऊन बसला तर "शहाणा आहे, त्रास देत नाही" म्हणतात. ताण वाढला की बोक्यांना लघवीचा त्रास होतो, आणि बोक्याची लघवीची नळी इतकी अरुंद असते की ती तुंबते. तो त्याच्या लघवीच्या ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतोय, कण्हतोय, खालचा भाग चाटतोय आणि ट्रे कोरडाच, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका, तुंबलेला बोका एक-दोन दिवसात मरू शकतो. ती रात्रीच न्यायची केस आहे. मांजर दुखणं लपवतं, पण चेहरा फार लपवता येत नाही. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी मांडली, त्यात कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोकं कुठे धरलंय या पाच गोष्टींना शून्य ते दोन मार्क देतात. तुम्हाला मार्क द्यायची गरज नाही, पण कान बाहेरच्या बाजूला पडलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि डोकं खांद्याच्या खाली असा बोका "झोपाळू" नसतो एवढं लक्षात ठेवा.

ब्रुनोच्या बाबतीत कधी धावायचं? दिवसभरात तीन चारदा उलटी, चोवीस तास काहीच खाल्लं नाही, लघवी अचानक कमी झाली, काळी चिकट शी, फिट आली, किंवा उभं राहवत नाही. शांत झोपलेला असताना छातीचे श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या खाली असले पाहिजेत, सारखे वर येत असतील तर फोन करा. ताप हाताने कळत नाही, नाक कोरडं असण्याचा तापाशी काही संबंध नाही, हे मी बावीस वर्षं सांगतोय आणि बावीस वर्षं लोक नाकालाच हात लावतात.

देऊन टाकण्याबद्दल मी भावाला पूर्ण चूक म्हणणार नाही. प्राणी दुसरीकडे देणं हे दर वेळी पाप नसतं, तरुण निरोगी कुत्रा असता आणि तुमच्या हातात खरंच दहा मिनिटंही नसती तर मीच म्हटलं असतं की चांगलं घर शोधा. पण ११ वर्षांचा, किडनीचा आजार असलेला, रात्री घरात लघवी करणारा कुत्रा कोण घेतो? जो "हो आणा" म्हणतो त्याला बहुतेक वेळा आजार नीट सांगितलेलाच नसतो, आणि मग तो कुत्रा तिथून पुढे कुठे जातो ते कळत नाही. दुसरा मार्ग बघा, तात्पुरता. ब्रुनोला ओळखणारं एखादं माणूस, ज्याच्याकडे तो आईंच्या वाईट आठवड्यात पाच सहा दिवस राहील. खर्च तुमचा, औषध तुम्ही भरून द्यायचं. लोक कायमचं नाही म्हणतात पण पाच दिवसांना बऱ्याचदा हो म्हणतात, फक्त तसं नेमकं मागावं लागतं, "मदत लागली तर सांगेन" असं मोघम बोलून कुणी येत नाही. बोक्याला मात्र शक्यतो हलवू नका, मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, घरी कुणी दिवसातून दोनदा येऊन खाणं, पाणी, ट्रे बघितलं तरी त्याला ते सोपं जातं.

आणि अर्ध्या रात्री आईंना घेऊन पळावं लागलं तर? दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. दोन्ही प्राण्यांची नावं, कुणाला काय किती वाजता, औषधं कुठे, क्लिनिकचा आणि रात्रीच्या डॉक्टरांचा नंबर, किल्ली कुणाकडे. चावण्याची सवय असेल तर तेही लिहा, लाजू नका. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी नंबर लिहा आणि तिच्या नोंदीत तुमचा फोन अजून तोच आहे का बघा (चिप म्हणजे जीपीएस नव्हे, ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही, कुणी स्कॅन केली तर तो कुणाचा हे सांगते). बोक्याचं कॅरिअर माळ्यावर न ठेवता खाली, उघडं, आत चादर घालून ठेवा म्हणजे तो त्यात आपणहून झोपेल आणि घाईच्या वेळी हातावर ओरखडे येणार नाहीत. हे अतिशयोक्ती वाटत असेल तर सांगतो, २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आलं तेव्हा प्राण्यांना सोडून जायला नको म्हणून कित्येक माणसं पुरात घरात थांबली, आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा करावा लागला की लोकांना हलवायच्या योजनेत पाळीव प्राणीही धरायचे. संकट आलं की प्राण्याचं बघू असं होत नसतं, त्या क्षणी माणूस अडकतो.

आता तो कागद, कॅलेंडरचा. झोपवायची वेळ कधी आली हे मला रोज कुणीतरी विचारतं. अमेरिकेतल्या ॲलिस विलालोबोस नावाच्या व्हेट डॉक्टरांनी यासाठी सात मुद्द्यांची पट्टी केलीय: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा, एकूण ३५ च्या वर असेल तर आयुष्य बऱ्यापैकी चाललंय असं धरायचं. चांगली आहे, करून बघा. पण माझा अनुभव असा की त्या दिवशी मार्क देणारा माणूस रडवेला असतो आणि मार्क मनाप्रमाणे सरकतात. कॅलेंडर सरकत नाही. मागचे चौदा चौकोन बघितले आणि त्यात नऊ फुल्या असतील तर ते तुमच्या मुलीने रोज रात्री लिहिलेलं आहे, आज कुणी बनवलेलं नाही. शिवाय आजच, तो बरा असताना, भावाला समोर बसवून दोघांनी दोन ओळी लिहून ठेवा. "औषध देऊनही सलग तीन दिवस खाल्लं नाही" किंवा "उठून बाहेर जाता येईना आणि स्वतःच्या लघवीत पडून राहायला लागला" असं काहीतरी, तुमच्या शब्दात, आणि खाली "या दिवशी डॉक्टरांना फोन." भावालाही मग रोज वाद घालायला कारण उरत नाही आणि तुम्हालाही एकटीने निर्णय घेतल्यासारखं वाटत नाही.

"नैसर्गिक मरण येऊ द्या, झोपेत जाईल" असं कुणीतरी सांगेलच. किडनीचा शेवट बहुतेक वेळा झोपेत होत नाही. तोंडात फोड, श्वासाला घाण वास, सततची मळमळ, कधी फिट्स, आणि हे दिवसेंदिवस चालतं. म्हणून मी त्या टप्प्यावर झोपवणं सुचवतो आणि त्यात मला अपराधी वाटत नाही. कसं होतं ते माहीत असलेलं बरं: आधी गुंगीचं इंजेक्शन देतात (द्यायला सांगा, काही ठिकाणी वगळतात), तो गाढ झोपला की शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि हृदय काही मिनिटात थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एक दोन मोठे श्वास आल्यासारखे होतात, स्नायू थरथरतात, लघवी होते, ते सगळं तो गेल्यानंतरचं असतं, त्याला काही कळत नसतं. आधी सांगितलं नसेल तर घरचे हादरतात. शक्य असेल तर घरी बोलवा, आणि मुलीला "झोपवलं" असं सांगू नका. मी बघितलंय, त्या शब्दानंतर मुलं रात्री झोपायला घाबरतात, आणि तुमच्या घरात तर आजीही दिवसभर झोपूनच आहे. "ब्रुनो मेला, त्याचं शरीर काम करायचं थांबलं" एवढं सरळ सांगा. रडू द्या. कॅलेंडर तिला हवं असेल तर तिच्याकडे राहू द्या.

स्वार्थी ठरता का म्हणून विचारलंत. रात्री दोन वाजता पॅड बदलणाऱ्या माणसाला मी तो शब्द कसा लावू? पण एखाद्या आठवड्यात तुमच्याने झालंच नाही तर तो पाच दिवस दुसरीकडे गेला म्हणजे तुम्ही त्याला टाकलं असंही नाही.

या आठवड्यात म्हणून एवढंच करा: पाण्याचं भांडं परत जागेवर, ब्रुनोला घरातल्या गोळ्या देणं बंद, त्याच्या लघवीची तपासणी, आणि फ्रिजवर कॅलेंडर. बाकीचं रिपोर्ट आल्यावर लिहा, मी बघतो.

आणि पुढे कधी ब्रुनो गेला तर त्या दिवशी बोक्याला त्याला हुंगू द्या, काही मांजरं एकदा वास घेऊन निघून जातात, काही कितीतरी दिवस त्याच्या जागेवर जाऊन बसतात. त्या गडबडीत बोक्याच्या वाटीकडे लक्ष ठेवा. मांजर दोन तीन दिवस काहीच खात नसेल, त्यातून ते जाड असेल, तर लिव्हरमध्ये चरबी साठून ते स्वतःच गंभीर आजारी पडतं, तेव्हा "दुःखात आहे, खाईल हळूहळू" म्हणून थांबू नका, दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा.